सिनेमा बघ, पण अलकाकडे बघ

ऐक वं, परवा फोनवर तू विचारलंस तेव्हा मी विषय बदलला. आई शेजारीच तुरीच्या शेंगा सोलत बसली होती आणि हे सगळं तिच्या कानावर घालायचं नव्हतं. आता ती झोपलीय, लाइटही आहे, तेव्हा सावकाश लिहिते.

तुझ्या रूमवरच्या पोरीने आयरिश सिनेमांची यादी काढली, तुम्ही दोघी सुट्टीत ते बघत बसलात आणि 'द क्वाएट गर्ल' बघून तुला रडू आवरेना. मग तू म्हणालीस, "ताई, आपल्या यवतमाळवर असं कोणी काही केलंच नाही का गं? का आपलं नाव नुसतं बातमीत यायचं?" केलंय. ढिगानं नाही, पण केलंय. फक्त ते कोणत्या क्रमाने बघायचं आणि बघताना नजर कुठे ठेवायची, याबद्दल मला तुझ्याशी बोलायचंय. आपल्याकडचा सिनेमा लावला की लोकांना आधी दिसतो तो डोक्याला हात लावून धुऱ्यावर बसलेला शेतकरी. तू त्याच्या मागे, दारात उभ्या असलेल्या बाईकडे बघ. माझी यादी तिच्यावरूनच लावलीय.

त्या आयरिश यादीतले दोन-तीन मीही पाहिलेत, म्हणून तुला कुठे लागलं असेल ते कळतं. 'द क्वाएट गर्ल' २०२२चा. १९८१ सालचं खेडं, घरात पोरांचं लेंढार, त्यातली एक अबोल मुलगी उन्हाळ्यापुरती नातेवाइकांकडे पाठवून देतात. त्या घरचा माणूस आधी तिच्याशी धड बोलतही नाही. मग एक दिवस जाता जाता तिच्यासमोर टेबलावर एक बिस्कीट ठेवतो आणि निघून जातो. बस, एवढंच. आपल्याकडचे बापे माया करतात ती अशीच ना? बाजारातून आले की पिशवीतून चिवड्याची पुडी काढून ओट्यावर ठेवायची आणि बैलांकडे निघून जायचं. हा सिनेमा बराचसा आयरिश भाषेत आहे. त्या देशात रोजचा व्यवहार इंग्रजीत चालतो, आयरिश बोलणारे थोडे. तरी त्या भाषेतला हा पहिला सिनेमा ऑस्करच्या परभाषी सिनेमांच्या नामांकनात पोहोचला. हे डोक्यात ठेव, मला पुढे वऱ्हाडीबद्दल बोलायचंय.

यादीतला 'द फील्ड' मात्र बाबांसोबत बघ. १९९०चा आहे. एक म्हातारा मक्त्याच्या वावरात जन्म घालवतो, समुद्रावरून शेवाळ पाठीवर वाहून आणून खडकाळ जमिनीत घालतो, ती हिरवी करतो, आणि एक दिवस मालकीणबाई ते वावर लिलावात काढते. रिचर्ड हॅरिसने तो म्हातारा असा केलाय की त्याचा राग पटतो आणि तोच माणूस नकोसाही होतो. बाबांना इंग्रजी कळायची गरज नाही; शेवाळाच्या त्या टोपल्या बघितल्या की बास.

'ब्लॅक ४७' तू पाहिलास म्हणालीस. १८४७चा त्यांचा दुष्काळ, माणसं उपाशी मरतायत आणि धान्य मात्र देशाबाहेर चाललंय. बघताना मला आपली शकुंतला रेल्वे आठवली. यवतमाळ ते मूर्तिजापूर ती छोटी लाइन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोऱ्या कंपनीने टाकली ती आपल्याला मामाच्या गावाला जायला नव्हे, तर वऱ्हाडचा कापूस मोठ्या लाइनीवर नेऊन टाकायला. तिथून तो मुंबई आणि मुंबईहून बोट. तिचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरला घडलेलं, ते १९९४पर्यंत चाललं. कापूस तिकडे गेला आणि इंजिन तिकडून आलं, एवढ्यात एक अख्खा सिनेमा बसलाय. असो. आपल्याकडे येते.

पहिला 'गाभ्रीचा पाऊस'. २००९चा, दिग्दर्शक सतीश मनवर. नावातच पावसाला घातलेली शिवी आहे, आणि ती का घातलीय हे कपाशीच्या घरात वाढलेल्या पोरीला मी काय सांगावं. गिरीश कुलकर्णी किसना झालाय, सोनाली कुलकर्णी त्याची बायको अलका, ज्योती सुभाष त्याची आई. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिलेला असतो आणि अलकाच्या डोक्यात भुंगा शिरतो की आता आपला नवरा. किसना तसा जिवंत गडी, चिडणारा, हसणारा, पुन्हा पेरायला निघणारा. पण तो गप्प बसला तरी हिला धस्स होतं आणि हसला तरी होतं. मग ती पुरणपोळ्या करते. सासूला सांगते, लक्ष ठेवा. लहानग्या दिनूला बापाच्या मागे मागे धाडते. गंमत अशी की यातलं बरंच बघताना हसू येतं, आणि हसून झाल्यावर आपण कशाला हसलो ते कळतं. पाऊस आधी येतच नाही, मग येतो तो नको तेवढा. सावकार आणि पाटील आहेत, पण सिनेमा त्यांच्यावर बोट रोखून बसत नाही. तो अलकाच्या चुलीपाशी बसतो.

आता जे सांगते ते आईजवळ काढू नकोस.

तू पहिलीत होतीस. त्या वर्षी दुबार पेरणी करूनही कपाशीला बोंडं धरली नव्हती, सोसायटीचं कर्ज थकलं होतं, आणि आपल्या गल्लीतल्या एका घरी ते घडलं. त्यानंतर बाबा वावरात निघाले की आई तुझ्या हातात पाण्याची बाटली द्यायची आणि म्हणायची, जाय, बाबासंग जाय. शाळा बुडली तरी काही बोलायची नाही. तुला वाटायचं, मी लाडकी म्हणून बाबा मला नेतात. फवारणीचं औषध तेव्हा मागच्या खोलीत फळीवर असायचं. ते एक दिवस तिथून दिसेनासं झालं. आईने ते मामाकडे ठेवायला दिलं होतं आणि बाबांना सांगितलं होतं की डबा गळत होता, फेकला. बाबांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांना कळलं होतं की नाही हे मला अजून माहीत नाही, आणि मी विचारणारही नाही. दिनू बापाच्या मागे पळतो तिथे मी सिनेमा थांबवला होता, पुढचा दुसऱ्या दिवशी बघितला. तू तो एकटीने बघू नकोस, एवढंच म्हणते. त्या यादीवाल्या पोरीला बरोबर घे. शेवट मी सांगत नाही.

म्हणून म्हटलं, अलकाकडे बघ. पेपरात आकडा येतो, पॅकेज येतं, पंतप्रधान येऊन जातात (२००६च्या जुलैत मनमोहन सिंग विदर्भात आले होते, तू तेव्हा फार लहान होतीस). पण घरात रोज रात्री कोण जागं असतं, हे त्या आकड्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

दुसरं 'तेरवं'. आधी हे नाटक होतं. श्याम पेठकरांनी लिहिलेलं, हरीश इथापे यांनी बसवलेलं. त्यात उभ्या राहिल्या त्या बायका नट्या नव्हत्या, ज्यांच्या घरचा शेतकरी गेला अशाच एकल बायका होत्या. आपल्याकडे माणूस गेल्यावर तेराव्या दिवशी सगळं गोत जेवून उठतं आणि पांगतं. त्या बाईचं खरं काय ते चौदाव्या दिवसापासून सुरू होतं. सातबारावर नाव चढवायला तलाठ्याकडे, नुकसानभरपाईसाठी तहसीलमध्ये, आणि घरी आल्यावर दिराच्या तोंडाकडे बघत. त्यातल्याच एक वैशाली येडे, आपल्या कळंब तालुक्यातल्या राजूरच्या. जानेवारी २०१९मध्ये यवतमाळात ९२वं साहित्य संमेलन भरलं तेव्हाचं तुला आठवत असेल. लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतलं गेलं, महाराष्ट्रभर गदारोळ झाला, आणि शेवटी अरुणा ढेरे अध्यक्ष असलेल्या त्या संमेलनाचं उद्घाटन केलं ते वैशालीताईंनी. मोठमोठ्या साहित्यिकांसमोर त्या बोलल्या, आपल्या बोलीत बोलल्या, आणि रडगाणं गायल्या नाहीत. त्याच वर्षी त्या लोकसभेलाही उभ्या राहिल्या. हरल्या, पण उभ्या राहिल्या.

याच विषयावर इथापे यांनी २०२४मध्ये 'तेरवं' नावाचाच सिनेमा केला. किरण खोजे आहे, संदीप पाठक आहे. माझं खरं मत सांगू? सिनेमा बघावा असा आहे, पण मला नाटक जास्त भिडलं. नटी कितीही चांगली असली तरी जिने ते भोगलंय ती बाई स्टेजवर पदर खोचून उभी राहते ना, त्याची सर येत नाही. नाटकाचा प्रयोग कुठे लागला असं कळलं तर पुण्याहून ये, तिकिटाचे पैसे माझ्याकडून.

माहितीपटांपैकी तीन नावं सांगते. दीपा भाटिया यांचा 'नीरोज गेस्ट्स' (२००९) पत्रकार पी. साईनाथांच्या मागे मागे विदर्भात फिरतो. साईनाथ त्यात एक प्रश्न विचारतात. रोमच्या नीरो राजाने बागेत मेजवानी दिली आणि उजेडासाठी कैदी जाळले अशी गोष्ट आहे. नीरो तर नीरोच होता, पण ते पाहुणे कोण होते, जे तिथे बसून जेवले? मुंबईत सुती कपड्यांचा फॅशन शो बघायला शेकडो पत्रकार, आणि तो कापूस पिकवणारे मरतायत तिथे हाताच्या बोटावर मोजण्याइतके. तू पत्रकारिता शिकतेस, तर तुझ्या अभ्यासक्रमात हा नसेल तरी असायला हवा असं समजून बघ. 'कॉटन फॉर माय श्राउड' नंदन सक्सेना आणि कविता बहल यांचा, त्याला शोधपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालंय. बियाणं, कर्ज, भाव यांचं गणित त्यात नीट मांडलंय, पण सलग बघायला जड आहे. आणि मिका पेलेड यांचा 'बिटर सीड्स' (२०११). हा तर आपल्याच जिल्ह्यातला, तेलंग टाकळीचा. त्यात एक कॉलेजातली पोरगी आहे, जिचा स्वतःचा बाप असाच गेलाय आणि जिला पत्रकार व्हायचंय. घरचे म्हणतात, कशाला. ती वही घेऊन लोकांकडे जाते आणि बीटी कपाशीबद्दल, कर्जाबद्दल विचारत राहते. एका शेतकऱ्याच्या घरी लग्नाची पोरगी आहे, पीक हातचं जातंय, आणि तरी हुंड्याची बोलणी चालूच. सावकार कॅमेऱ्यासमोर नसतानाही प्रत्येक घरात असतो, ते या सिनेमात जाणवतं. तू त्या पोरीकडे बघ. प्रश्न विचारताना ती कुठे थांबते, तेही बघ.

हिंदीतला 'पीपली लाइव्ह' (२०१०) तू लहानपणी टीव्हीवर अर्धा पाहिला असशील. अनुषा रिझवींचा. तो आपल्या जिल्ह्याचा नाही, काल्पनिक गावाचा आहे, चित्रीकरण मध्य प्रदेशातलं. नत्था मरणार अशी आवई उठते आणि गावात टीव्हीच्या गाड्या येऊन जत्रा भरते. आपल्याकडच्या काही लोकांना तेव्हा तो झोंबला होता, आमच्या मरणाची टिंगल केली म्हणून. मला तसं वाटलं नाही. त्यात होरी महतो म्हणून एक हाडकुळा माणूस आहे, नापीक जमिनीतली माती खणून विकणारा. सगळे कॅमेरे नत्थाच्या घरावर असताना तो त्याच खड्ड्यात मरून पडतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. एवढ्या एका प्रसंगासाठी तो सिनेमा परत बघ. आपल्याकडे हे खरोखर घडलेलं आहे बाई. घरचा शेतकरी गेलेल्या जळक्याच्या कलावतीबाईंचं नाव २००८मध्ये राहुल गांधींनी लोकसभेत घेतलं आणि त्यांच्या दारात किती गाड्या लागल्या, किती जणांनी त्यांचे फोटो काढले याला गणती नाही. त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या बायांच्या दारात कोणी गेलं नाही. तुझ्या हातात उद्या कॅमेरा येणार आहे, म्हणून हे जरा लांबण लावून सांगतेय.

आता 'शेरनी'. हा तुला आवडणार, कारण यात शेतकऱ्याचं मरण नाही. अमित मसुरकरचा, २०२१चा, अ‍ॅमेझॉन प्राइमवर आला. नाव गाव बदललंय, तरी गोष्ट कुठून उचललीय हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. पांढरकवडा-राळेगाव भागातली वाघीण अवनी, सरकारी कागदावर टी-१. तेरा माणसांचा जीव घेतला म्हणून तिच्यावर ठपका, दोन बछडे सोबत, आणि २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली. पुण्या-मुंबईकडे मेणबत्त्या लागल्या. इकडे काही गावांत फटाके फुटले. तू तेव्हा मला फोनवर म्हणाली होतीस की ताई, तुमची माणसं किती क्रूर. मी तेव्हा भांडले नाही.

पण तू विचार कर. कापूस वेचायचे दिवस. बाया पहाटे उठून, भाकरी बांधून, ओटीला फडकं लावून वावरात जातात, वाकून वेचतात, आणि जंगल धुऱ्यापाशी सुरू होतं. ती वाघीण फिरत होती त्या दोन वर्षांत राळेगावकडच्या बाया एकटीदुकटी वावरात जायच्या नाहीत, घोळक्याने जायच्या, आणि उन्हं कलायच्या आधी निघायच्या. मजुरी तितकी कमी. गुरं चारायला कोण जाणार यावरून घराघरात भांडणं. त्यांनी फटाके फोडले ते बरं केलं असं मी म्हणत नाही. त्या वाघिणीचाही जीव होता आणि ती आपल्या पोरांना घेऊन वाट शोधत होती. 'शेरनी'चा मोठेपणा हाच की तो दोन्हीकडे बघतो. विद्या बालन वनाधिकारी झालीय, आरडाओरडा न करणारी, मीटिंगमध्ये सगळे पुरुष बोलत असताना ओठ घट्ट मिटून बसणारी. वाघीण माणसाजवळ का येते, याचं उत्तर सिनेमा भाषणातून देत नाही; चराईच्या जागेवर लावलेली झाडं दाखवतो, मध्येच खणून ठेवलेली खाण दाखवतो आणि पुढे जातो. शिकाऱ्याची ऐट, पुढाऱ्यांची चढाओढ, साहेबांच्या शेरोशायऱ्या, सगळं इतकं ओळखीचं आहे की मला आपल्या तालुक्याची आमसभा बघतेय असं वाटलं. विजय राजचा प्राध्यापक बघ आणि वनखात्यासोबत राबणारी ती गावातली ज्योती बघ. खऱ्या प्रकरणातही पांढरकवड्याच्या उपवनसंरक्षक एक बाईच होत्या, हे लोक विसरतात.

माझी तक्रार एकच. गोष्ट आपली, आणि पडद्यावर एकही माणूस वऱ्हाडी बोलत नाही. चित्रीकरण मध्य प्रदेशात, भाषा हिंदी. व्यवहार म्हणून समजू शकते, पण सलतं. मराठी सिनेमातलं खेडं म्हणजे वर्षानुवर्षं कोल्हापूर-साताऱ्याकडचं, त्यामुळे आपल्याच गावच्या गॅदरिंगला पोरं 'आरं तिच्या मायला' म्हणून नाटक करायची, घरी मात्र 'काहून बे' बोलायची. वऱ्हाडी आली तर हसवायला. भारत गणेशपुरेंनी ती घराघरात पोचवली याचा मला आनंदच आहे, पण हसण्यापलीकडेही त्या बोलीत माणसं जगतात, भांडतात, मर्तिकाला रडतात. तू तिकडे 'काहून' म्हणालीस की पोरी फिदीफिदी हसतात, म्हणून तू ते बोलणं सोडलंस हे मला तुझ्या फोनवरून कळतं. सोडू नको वं. निदान माझ्याशी तरी बोल.

जरा हलकं काही हवं असेल तर एखाद्या रविवारी 'देवकीनंदन गोपाला' लाव. १९७७चा, राजदत्तांचा, आणि गाडगेबाबा झालेत डॉ. श्रीराम लागू. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, त्यांचं कीर्तन म्हणजे लोकांना प्रश्न विचारत विचारत त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचं. आजीने हा सिनेमा तालुक्याच्या टॉकीजला पाहिला होता आणि पडद्यावर बाबा आले की बाया हात जोडायच्या म्हणे. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या फुटबॉलचा 'झुंड' तू पाहिलाच आहेस. वर्ध्याच्या सिंधुताईंवरचा 'मी सिंधुताई सपकाळ' (२०१०) नसेल पाहिला तर बघ, तेजस्विनी पंडितने जीव ओतलाय. पुसदच्या गहुलीचे वसंतराव नाईक, बंजारा तांड्यातून निघून अकरा वर्षं मुख्यमंत्री राहिले, त्यांच्यावर 'महानायक वसंत तू' (२०१५) आहे, चिन्मय मांडलेकरने काम चांगलं केलंय. पण तो गौरवपट आहे, एवढं समजून बघ. वत्सलाबाईंशी त्यांचं जातीबाहेरचं लग्न, त्यावरून उठलेलं वादळ, तांड्यावरच्या त्यांच्या माणसांना काय वाटलं असेल, याचा वेगळाच सिनेमा झाला असता. मला तो बघायला आवडला असता.

आणि जे झालेलंच नाही त्याचं काय? आयरिश लोकांचा स्वातंत्र्याचा लढा पुन्हा पुन्हा पडद्यावर आला. 'मायकल कॉलिन्स' झाला, 'द विंड दॅट शेक्स द बार्ली'ला २००६मध्ये कानचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्यांचाच होमरूल हा शब्द टिळकांनी इकडे वापरला, आणि त्या होमरूलच्या कामात आपल्या वणीचे बापूजी अणे होते. याच बापूजींनी १० जुलै १९३० रोजी पुसदला जंगल सत्याग्रह केला. मीठ आपल्याकडे कुठलं, समुद्र कुठला? मग राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. हातात विळा घेतलेला वकील, मागे हजारोंचा जमाव, समोर पोलीस. सगळं तयार आहे, फक्त कोणी कॅमेरा लावलेला नाही. नुसतं बापूजींचं चरित्र करू नका म्हणा. त्या गवतावर ज्यांची गुरं जगायची, त्यांच्या घरातून तो दिवस दाखवा.

लोककथांचंही तेच. आयर्लंडमधल्या किलकेनी नावाच्या छोट्याशा शहरातल्या स्टुडिओने समुद्रात सील आणि जमिनीवर माणूस होणाऱ्या पोरीची जुनी गोष्ट घेतली आणि 'साँग ऑफ द सी' केला. हाताने काढलेली चित्रं, आणि जगभरची लेकरं ती बघतात. आपल्याकडे झरी-केळापूरकडे गोंडांची दंडारी दिवाळीत नाचते, डोक्यावर मोरपिसांचा भलामोठा टोप घालून घुसाडी येतात. परधान किंगरीवर लिंगोची कथा गातात, रात्रभर. कोलामांची तर भाषाच वेगळी. कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाई मांडतात, सासर-माहेरची गाणी म्हणतात आणि डब्यात काय खाऊ आहे ते ओळखायला लावतात. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की एकेक जण पुढे होऊन झडत्या म्हणतो, त्यात कापसाचा भाव येतो, आमदार येतो, पावसाची खरडपट्टी निघते. ही वऱ्हाडातली भर चौकातली टीका आहे, आणि ती कोणी धड रेकॉर्डही करून ठेवत नाही.

तर तुझ्या शेवटच्या वर्षाच्या लघुपटाला पुण्यातली मेट्रो नको घेऊस. पोळ्याला गावी ये. मामांच्या गावात झडत्या म्हणणारे दोन म्हातारे अजून आहेत, मी त्यांच्या कानावर घालून ठेवते. तोरण तुटेपर्यंत कॅमेरा बाहेरच काढू नकोस, आधी बस, चहा घे, बैलाला हात लाव. म्हातारे मोकळे झाले की विचार, आणि नाही म्हणाले तर नाही. मग घराच्या आत जा. पोळ्याच्या आदल्या रात्री बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात तेव्हा बाप्यांची गर्दी असते. पण पोळ्याच्या दिवशी घरोघर फिरून येणाऱ्या बैलजोडीला नैवेद्य दाखवणारी, पाय धुणारी आणि संध्याकाळपर्यंत उपाशी राहणारी कोण असते, तिला दोन शब्द बोलू दे. ती काय म्हणेल ते मला माहीत नाही. आईलाच विचारायचं असेल तर माझ्याकडून हरकत नाही, मात्र वर जे लिहिलंय ते तिने आपणहून काढलं तरच.

येताना जास्तीची बॅटरी आणि माइक मागून आण, आमच्याकडे संध्याकाळी तासन्‌तास लाइट जातात. आणि बाबांसाठी 'द फील्ड' पेनड्राइव्हमध्ये टाकून आण, त्यांच्या फोनला रेंज नसते.